नाव कोणाचे, हात कोणाचे?

नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूर हे आमच्या वाडवडिलांचे गाव. तेथील घरातली एक पितळी समई आमच्याकडे आली आहे. बैठक, खांब, तेलाची वाटी आणि माथ्यावरचा मोर असे तिचे भाग आट्यांनी एकमेकांत घट्ट बसतात. बैठकीवर ठिपक्याठिपक्यांनी आमच्या पणजीचे नाव घातलेले आहे. ज्याने ती घडवली, त्याचे नाव कोठेही नाही.

साहित्याच्या अभ्यासात कर्त्याचे नाव आधी आणि कृती नंतर, अशी आम्हांस सवय जडलेली असते. जात्यावरची ओवी निनावी आहे, हे आपण कौतुकाने शिकवतो. दिव्याबाबत तेवढाही विचार करीत नाही. ज्या काळात इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसच्या प्रभावाने हस्तकलेची चळवळ उभी राहिली, त्या काळात बेन्सनच्या तांब्या-पितळेच्या दिव्यांवर त्याच्या नावाचा ठसा उमटू लागला. अ‍ॅशबीने 1888 मध्ये कारागिरांचा संघ स्थापिला, त्याच्या वस्तूंवरही संघाची मुद्रा असे. तरीही प्रत्यक्ष ठोके घालणारा बहुधा त्या मुद्रेआड राहिला. याच अ‍ॅशबीच्या प्रस्तावनेसह आनंद कुमारस्वामींचे भारतीय कारागिरावरील पुस्तक 1909 मध्ये निघाले. ग्रामव्यवस्थेत कारागिराला असलेले निश्चित स्थान त्यांना मोलाचे वाटले.

येथेच आम्हांस एक उलगडा होतो. समई घेणाऱ्या घराला कासार ठाऊक होता. आटा ढिला झाला तर कोणाच्या दारी जायचे, हे माहीत होते. नाव कोरण्याची गरजच नव्हती. वस्तू गावातून बाहेर पडली, तेव्हा तिचा कर्ता ‘अज्ञात’ झाला. म्हणजे अज्ञान आपले आहे, ते त्याच्या माथी मारणे योग्य नव्हे.

हे अज्ञान महागात पडते. वाटणीच्या वेळी याच घरातला साखळीचा लामणदिवा वजनावर मोडीत गेला. मोडीच्या तराजूत घडणावळीला किंमत नसते. पुण्यात दिनकर केळकरांनी सुमारे 1920 पासून असे दिवे, अडकित्ते, दौती जमवल्या आणि 1975 मध्ये तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयाला त्यांनी अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. स्वतः कविता लिहिल्या त्या ‘अज्ञातवासी’ या नावाने. निनावी हातांची कामे जपणाऱ्याने स्वतःसाठी हेच नाव निवडावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

पण जपणूक म्हणजे ओळख नव्हे. पुण्याच्या तांबट आळीत आजही हातोडीने तांब्यावर मठारकाम होते. ओव्या गोळा करायला विद्यार्थ्यांना आपण गावोगाव पाठवतो. त्याच वहीत कारागिराचे नाव, त्याच्या हत्यारांची नावे आणि घडवण्याची रीत उतरवून घ्यायला काय हरकत आहे? विचारल्यावर सांगणारी माणसे अजून आहेत.