जिथं कुणी उतरत नाही

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातून नागफणीवर चढलात, की खाली बोरघाटातली आगगाडी खेळण्यातली वाटते! या घाटात मंकी हिल, ठाकूरवाडी अशी स्थानकं आहेत. तिथलं तिकीट कुणी काढत नाही, कुणी उतरत नाही. तरी मुंबईकडे जाणारी गाडी तिथं थांबते. कशाला बरं?

घाटाचा चढ भारीच. काही ठिकाणी ३७ मीटर पुढं गेलं, की १ मीटर वर! चढताना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात. पण खरी परीक्षा उतरताना असते. म्हणून गाडी इथं थांबून ब्रेक नीट लागतात हे दाखवते, मगच पुढची वाट मिळते. ब्रेक लागले नाहीत, तर गाडी अडवायला चढावर नेलेले वेगळे रूळही आहेत.

१८६३ साली हा मार्ग सुरू झाला, तेव्हा खंडाळ्याजवळ इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. ते 'रिव्हर्सिंग स्टेशन' १९२९ मध्ये बंद झालं.

ही स्थानकं पाहायला रुळांवरून मात्र चालू नका हं! घाटात गाडी थांबली, तर कुरकुर न करता खिडकीतून पाहा. त्या थांब्यावर साऱ्या गाडीचा जीव अवलंबून असतो.