बांगडीतला चुना

मैत्रिणींनो, आग्र्याला गेलात की ताजमहाल पाहून लगेच परतीची गाडी पकडू नका. तिथून चाळीसएक किलोमीटरवर फिरोजाबाद आहे. आपल्या कासाराकडचा हिरवा चुडा बहुतेक वेळा तिथूनच आलेला असतो.

आम्ही एक कारखाना पाहिला. भट्टीच्या तोंडाशी क्षणभरही उभं राहवेना! पूर्वी तिथे दगडी कोळसा जळे. ताजमहालाला धूर बाधतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो बंद करायला लावला. आता गॅस आहे.

काच वाळूची, हे आपण शाळेत शिकलो. पण नुसती वाळू वितळायला १७०० अंश सेल्सियस उष्णता लागते. सोडा घातला की ती पुष्कळ लवकर वितळते. मात्र एवढ्यावरच थांबलं, तर होणारी काच पाण्यात विरघळते! म्हणजे भांडी घासता घासता बांगडी विरून जायची. ते होत नाही ते चुन्यामुळे. चुनखडीची पूड भट्टीत पडली की तिच्यातला कर्बवायू उडून जातो आणि चुना काचेत मुरतो. शंभर भागांत साधारण दहा भाग. जास्त झाला, तर काच निवताना तिच्यात खडे धरतात आणि ती धुरकट होते. चुन्याचा भाऊ मॅग्नेशिया थोडा घातला, की हे टळायला मदत होते. (आपल्या बोन चायनाच्या कपात तर निम्मी हाडांची राख असते, तीही चुन्याच्याच नात्यातली. सोवळ्यातल्या सासूबाईंना सांगू नका!)

वितळलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळतात, मग ते वेटोळं कापतात. पण तेव्हा प्रत्येक कड्याची टोकं सुटीच असतात. ती जोडायचं काम गल्लीबोळातल्या घरांत चालतं, आणि ते बायकाच करतात. आम्ही गेलो त्या घरात एक बाई दिव्यापुढे वाकून बसली होती. टोकं ज्योतीवर धरायची, मऊ झाली की दाबायची, पुढची घ्यायची. उन्हाळ्यातही पंखा नाही, कारण वाऱ्याने ज्योत हलते. मजुरी नगावर. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी कडी मोजून देत होती. शाळेचं विचारलं, तर आईच म्हणाली, "जाती है, कभी-कभी."

बाजारात डझनाचा भाव आपल्यापेक्षा बराच कमी निघाला. एरवी मी घासाघीस सोडत नाही. त्या दिवशी तोंड उघडलं नाही. तुम्ही घ्याल तेव्हा वर्तमानपत्रात नीट गुंडाळून घ्या आणि गाडीत पिशवी मांडीवरच ठेवा.