यष्टी स्टँड कुठंय?

बारामतीच्या नव्या बसस्थानकात, अगदी मधोमध, वर उंच छत आणि खाली तोंड दिसेल अशी फरशी, अशा जागी उभ्या असलेल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "दादा, यष्टी स्टँड कुठं आलं?"

"हेच की मावशी."

तिनं एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. काखेतली पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. "हे व्हय? मला वाटलं दवाखाना हाय."

तिला इंदापूरला जायचं होतं. मी फलाट दाखवला, ती गेली. मला दौंडला जायचं होतं. माझी गाडी दोनदा लागून गेली आणि मी तिच्या प्रश्नातच बसून राहिलो.

हे स्थानक २०२४च्या मार्चमध्ये सुरू झालं. विमानतळासारखं आहे, असं गावातले लोक पाहुण्यांना सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जरा चढतो. चांगलंच आहे. हे आधी कबूल करून टाकतो, कारण आता मी जुन्या स्टँडबद्दल बोलणार आणि तिथल्या मुतारीबद्दल सोयीस्कर गप्प बसणार. आठवणींना नाक असतं, पण ते मोठं लबाड असतं. रसवंतीतल्या आल्याचा वास ते जपून ठेवतं, मुतारीचा टाकून देतं. माझ्या बहिणीच्या नाकानं तो टाकलेला नाही. तिला जुन्या स्टँडचं नाव काढलेलं खपत नाही.

तर जुना स्टँड. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू. कंट्रोलरच्या खिडकीतून येणारा तो आवाज, ज्यातलं फक्त 'मार्गे' एवढंच कळायचं. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून आत पडणारे रुमाल, टोप्या, पिशव्या, आणि एकदा तर एक रडणारं पोर. रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. कंडक्टरच्या हातात तिकिटांचा पत्र्याचा पेटारा आणि चिमटा. तो चिमटा तो गाडीच्या दांडीवर टकटक वाजवायचा आणि पेंगणारी माणसं झोपेतच खिशाला हात घालायची. पुढं तिकिटाचं यंत्र आलं. यंत्राचं तिकीट महिनाभर खिशात राहिलं तर कोरं होऊन जातं. चिमट्यानं पाडलेलं भोक तसंच राहायचं.

इंदापूरच्या गाडीचा रस्ता मला पाढ्यासारखा पाठ होता. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी, इंदापूर. तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. काटेवाडीत पालखीसाठी परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीत गोल रिंगण. निमगावला गाडी थांबली की पानमळ्यांवरून गार वारा यायचा. पण माझं लक्ष जंक्शनवर असायचं. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, जंक्शन! पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मी आईला म्हणालो, आता इथं आगगाडी येणार. आई म्हणाली, गप बस. पुढची दहा वर्षं मी दर खेपेला त्या पाटीशी डोकं बाहेर काढून बघितलं. गाडी आली नाही.

आगगाडी होती ती आमच्याकडं, बारामतीत. दौंड ते बारामती, १९१४ साली सुरू झालेली, अरुंद रुळांची. मळद, शिरसाई, कटफळ. उतरून लघवी करून पुन्हा धावत गाडी पकडायची, असं तिच्याबद्दल सांगतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल हेच सांगतात आणि माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पुढं रूळ रुंद झाले आणि गोष्ट तेवढी अरुंद रुळांवरच राहिली.

माझा एक वर्गमित्र मेलबर्नला असतो. १९९६ साली गेला, तिथलाच झाला. महिन्यातून एखाद्या रविवारी त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कॅनलला पाणी आहे का?" आईची तब्येत नंतर. हे त्याच्या आईनं ऐकलं तर तिला वाईट वाटेल, पण तिलाही ते माहीत असणार. आम्ही दोघं पोहायला शिकलो ते नीरा डाव्या कालव्यात, पाठीला सुका भोपळा बांधून, तीन हत्ती चौकाच्या जरा पुढं. त्या पाण्याला तळ नाही, असं आम्हाला सांगितलेलं. मग पाळी संपून कालवा कोरडा पडला की तळ दिसायचा. फुटक्या माठाची खापरं, चपलेचे जोड न जमणारे तुकडे, आणि कोणाचा तरी पितळी तांब्या. महिनाभर ज्याला आपण पाताळ समजत होतो ते बघून फार फसवल्यासारखं व्हायचं.

गंमत अशी, की हा गडी हल्ली मेलबर्नसाठीही हळहळतो. "आता काय राहिलंय, आमच्या वेळी ट्राममध्ये कंडक्टर असायचे." तिथल्या ट्राममधले कंडक्टर १९९८ साली गेले आणि यंत्रं आली. म्हणजे याची त्यांच्याशी ओळख उणीपुरी दोन वर्षांची. दोन वर्षांच्या ओळखीवर 'आमच्या वेळी'! मी हसलो. मग जंक्शनची पाटी आठवली आणि हसू आवरलं.

बारामती आणि ऑस्ट्रेलिया यांचं नातं मात्र त्याच्यापासून सुरू होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चर्चेस ऑफ ख्राइस्टचे ऑस्ट्रेलियन मिशनरी इथं येऊन राहिले होते. बारामतीत त्यांचं ठाणं, दौंडला दवाखाना, श्रीगोंद्यापर्यंत वावर. इंग्रज सरकारनं कायद्यानं 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची बारामतीतली वसाहतही त्यांच्याकडं होती. त्या वसाहतीत हजेरी देत वाढलेल्या माणसाला 'जुनं बारामती' म्हटल्यावर काय आठवत असेल, हे मी रसवंतीच्या घुंगरांवरून ठरवू नये. पण मला त्या मिशनऱ्यांमधल्या गोऱ्या बायांचंही कुतूहल वाटतं. त्यांच्या देशात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. बारामतीत तो थंडीत येतो, शाल पांघरून शेकोटीपाशी बसावं अशा दिवसांत. विलायतेतून आलेल्या साहेबाला ही थंडी घरची वाटली असेल. या बायांना मात्र नाताळ आला आणि अंगाला घामच नाही, म्हणून चुकल्या-चुकल्यासारखं झालं असेल. करपलेल्या एप्रिलमध्ये कऱ्हेच्या काठानं धूळ उडताना एखादीला उगाच नाताळची गाणी सुचली असतील. याला पुरावा काही नाही. निबंधाला लागतही नाही.

आणि मग १९८१चा फेब्रुवारी. हा मी कुठंही सांगायला बसलो की बायको पाणी आणायला आत जाते.

मामाचं रान लासुर्ण्याच्या अलीकडं, कॅनलच्या खालच्या अंगाला. त्याचा ऊस भवानीनगरच्या कारखान्याला जायचा, पण घरच्यापुरती दोन-चार आधणं तो गुऱ्हाळाला राखून ठेवायचा. मी शाळा बुडवून गेलो होतो. रात्रभर चरक चालला होता. चुलवाणाच्या तोंडाशी एक गडी वाळल्या चिपाडाच्या मुठी आत सारत होता आणि दर मुठीला त्याचं तोंड लाल होऊन पुन्हा काळं व्हायचं. काहिलीत रस उकळत होता. रानभेंडीचं पाणी घातलं की मळी वर यायची, ती झाऱ्यानं काढायची, पुन्हा यायची, पुन्हा काढायची. आम्हा पोरांचा स्वार्थ वेगळा होता. फडक्यात बटाटे बांधून काहिलीत सोडायचे. ते बाहेर आले की आतून बटाटा आणि बाहेरून गूळ, आणि खाताना जीभ पोळायचीच. जीभ पोळल्याशिवाय ते खाता येतं असं म्हणणाऱ्यानं ते खाल्लेलंच नाही.

काहिलीचा मालक मामा असला तरी सत्ता गुळव्याची. तात्या म्हणायचे सगळे त्याला. रस कधी गूळ झाला हे फक्त त्याला कळायचं. गार पाण्याच्या वाटीत तो एक थेंब टाकायचा, बोटांनी चाचपायचा. गोळी झाली की हात वर. मग चार माणसांनी काहील उचलून वाफ्यात ओतायची. अर्धं मिनिट उशीर झाला तर गूळ करपतो.

पहाटे मामानं ट्रान्झिस्टर खाटेवर ठेवला. लिंबाच्या फांदीला तार गुंडाळलेली. खर्र, खर्र, आणि मध्येच एक गोरा आवाज, लाटेवर बसल्यासारखा जवळ येणारा आणि लांब जाणारा. मेलबर्नची कसोटी, शेवटचा दिवस. आदल्या दिवशी गावसकर पायचीत दिला गेल्यावर रागानं चेतन चौहानलाही सोबत घेऊन निघाला होता, ती गोष्ट मामानं सगळ्या गुऱ्हाळाला तीनदा सांगितली होती. ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हवे होते. रात्री ते ३ बाद २४ होते. कपिलचा पाय दुखावलेला, आदल्या संध्याकाळी त्यानं चेंडूच टाकला नव्हता.

"कुठं चाललाय ह्यो खेळ?" तात्यानं विचारलं.

"मेलबर्नला."

"किती वाजलं तिथं?"

मामानं हिशेब केला. "अकरा वाजून गेलं असतील."

तात्यानं पूर्वेकडं बघितलं. आमच्याकडं अजून झुंजुमुंजूही नव्हतं. "म्हंजी त्येंचा दिस आपल्या आधी उगावतो?"

"व्हय."

"मग त्येंस्नी ठावं असंल की, आज काय व्हनार हाय ते."

यावर मामाकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं आजही नाही.

मग कपिल आला. दुखऱ्या पायानं. इंग्रजी आम्हाला कोणालाच पुरतं कळत नव्हतं, पण 'बोल्ड' कळत होतं, आणि गर्दीचा आवाज एकदम पडला की काय झालं तेही कळत होतं. चिपाड सारणारा गडी उठून खाटेपाशी आला. चरकावरचा आला. शेवटी तात्याही आला, हातातली पाण्याची वाटी तशीच धरून. ऊन वर आलं. ऑस्ट्रेलिया ८३ वर संपली, कपिलचे २८ धावांत ५. मामानं टोपी उडवली, ती लिंबात अडकली. त्यानंतर जो वास आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही, पण झोपेतही ओळखू शकतो. काहील लागली होती.

तात्या धावला. शिव्या दिल्या त्या मेलबर्नला दिल्या. गूळ झाला, पण काळाकुट्ट. बारामतीच्या पेठेत तेव्हा पिवळ्याधमक ढेपेला भाव. काळ्या गुळाकडं अडत्या नाक मुरडायचा. मामानं तो विकायला नेलाच नाही. "कपिलचा गूळ" म्हणून तो घरात वर्षभर पुरला. चहात कपिल, पुरणात कपिल. मामी पाहुण्यांना सांगायची, जरा कडसर लागंल, आमचे हे क्रिकेट खेळत्यात.

हल्ली असाच काळा गूळ दुकानात कागदी खोक्यात मिळतो. सेंद्रिय म्हणतात आणि पिवळ्याच्या दुप्पट पैसे घेतात. मी घेऊन बघितला. करपलेला नाही, त्यामुळं चव नाही.

गुऱ्हाळ आता तिथं नाही. मामा नाही. लिंब मात्र आहे. आणि तरी मी सुखी माणूस आहे, कारण मला उठून तिथं जाता येतं, लिंबाखाली उभं राहता येतं. इंदापूर तालुक्यात भीमेकाठच्या माणसांचं तसं नाही. उजनीचं धरण १९८०ला झालं आणि गावंच्या गावं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचं देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी खूप ओसरलं की पळसनाथाचं शिखर, मग दगडी भिंती वर येतात. माणसं होडीतून, चालत, चिखल तुडवत तिकडं जातात. कुणी नारळ फोडतं, कुणी आपली गल्ली कुठं होती ते नातवाला बोटानं दाखवतं. बोटापुढं फक्त भेगाळलेला गाळ असतो. त्यांच्या आठवणीचाही हंगाम ठरलेला, कॅनलच्या पाळीसारखा. फक्त उलटा. आमची आठवण पाणी आल्यावर येते, त्यांची पाणी गेल्यावर. त्यांच्यासमोर 'आमच्या वेळी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि भिगवणला रोहित बघायला आलेले पाहुणे त्या विस्तीर्ण पाण्याकडं बघून 'काय सुंदर' म्हणतात तेव्हा त्यांना टोकायलाही होत नाही. सुंदर आहेच.

ती म्हातारी बहुधा इंदापूरला पोचली असेल. ती कुठल्या गावची होती, हे विचारायचं राहिलं.

परवा रविवारी मेलबर्नहून फोन आला. "कॅनलला पाणी आहे का?"

आवर्तन सुटायला अजून पंधरा दिवस होते. मी सकाळीच पुलावरून आलो होतो, तळाची खापरं बघून.

"आहे," मी म्हणालो, "दुथडी आहे."