भागाकाराचा निवाडा

वीज दिसत नाही. तिचे परिणाम तेवढे दिसतात. दिवा लागतो, पंखा फिरतो, मोटार जळते. म्हणून तिच्याविषयी माणसे अंदाज करीत राहतात, आणि अंदाजाला पुरावा नसला की त्याची जागा संशय घेतो. गेवराई तालुक्यात, विशेषतः विहिरीवर मोटार असलेल्या घरांत, याचा प्रत्यय आम्हांस वारंवार आला आहे. मोटार जळाली की दोष कधी दुकानदारावर जातो, कधी डीपीवर, तर कधी घरातल्याच माणसावर.

वास्तविक निवाड्याचे साधन शाळेच्या पुस्तकात आहे. विजेच्या दाबाचे व्होल्ट घ्यावेत, त्यांना धारेच्या अँपिअरने भागावे. उत्तर येते तो तारेचा रोध, ओहममध्ये. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की खर्च होणारी शक्ती मिळते, वॅटमध्ये. ज्याच्या नावाने हे माप चालते तो गेऑर्ग ओहम जर्मनीत शिक्षक होता. कलोन येथील जेजुइटांच्या जुन्या विद्यालयात शिकवीत असता त्याने तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रथम त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक त्यास मिळाले ते १८४१ साली.

आता दाब कमी झाला म्हणजे काय होते ते पाहू. २३० व्होल्टवर चालणारी १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३५ अँपिअर धारा घेते. तिचा रोध सुमारे ५३ ओहम. दाब १८४ व्होल्टवर उतरला तर धारा साडेतीनच्या आसपास येते आणि शक्ती ६४० वॅट उरते. इस्त्री कमी तापते, एवढेच. मोटारीचे तसे नाही. वर चढवायचे पाणी तेवढेच असते. म्हणून दाबातली तूट ती अधिक धारा ओढून भरून काढते. उष्णता तर धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा सातावरून आठ अँपिअर झाली की वेटोळ्यातील उष्णता सुमारे तीस टक्क्यांनी वाढते. कमी दाबाने मोटार जळते ती अशी.

आमच्या ओळखीच्या एका घरी दोन भावांची सामाईक विहीर आहे. ऊसतोडीच्या हंगामातून मागे राहिलेल्या पैशांतून धाकट्याने एक अश्वशक्तीची पाणबुडी मोटार आणली. एका उन्हाळ्यात ती दोनदा जळाली, दोनदा वाइंडिंग करून घ्यावे लागले. धाकट्याने मोटारीच्या किमतीत घोळ केला, हलका माल आणला, असे थोरला उघड बोलू लागला. दोन्ही चुली आधीच वेगळ्या होत्या. आता बोलणेही थांबले.

दोघांनीही आम्हांस मध्यस्थी करण्यास सांगितले. आम्ही उपदेश न करता आयटीआय झालेल्या एका वायरमनला सोबत नेले. मोटार चालू असता त्याने टाँग टेस्टर लावला. मीटरपाशी दाब २२० व्होल्ट, विहिरीवर १८४. धारा ८ अँपिअर. थोरल्याची नववीतली मुलगी वही घेऊन बसली होती. फिरत्या मोटारीत चुंबकीय परिणामही असतो, तिथे हा साधा भागाकार लागू पडत नाही. म्हणून आम्ही तिला फक्त तारेचा हिशेब करावयास सांगितले. वाटेत हरवलेले व्होल्ट ३६. त्यांना आठाने भागले, उत्तर साडेचार ओहम. छत्तीस गुणिले आठ, २८८ वॅट. एवढी शक्ती पाण्यासाठी नव्हे, तर तार तापविण्यात जात होती.

मग उलट बाजूनेही पडताळा घेतला. विहीर दोनशे मीटरवर, म्हणजे जाऊन येऊन चारशे मीटर अॅल्युमिनियमची तार, जाडी अडीच चौरस मिलिमीटर. या मापाने रोध ४.४८ ओहम येतो. म्हणजे सांधे ठीक होते, मोटारही ठीक होती. तार अंतराच्या मानाने बारीक होती. सहा चौरस मिलिमीटरची तार घातली तर रोध १.८७ ओहमवर येणार होता, आणि सात अँपिअर धारेला तूट अवघी तेरा व्होल्ट.

तार ओढली तेव्हा मोटार नव्हती. घरापुरता दिवा आणि पंखा त्या तारेवर चालत असे. ती दोघांच्या वडिलांनी ओढलेली होती, हे थोरल्यानेच सांगितले. पुढे तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर पुढच्या हंगामाच्या उचलीतून तारेचा निम्मा खर्च त्याने दिला. भावाभावांतले सारे मिटले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चोरीचा शब्द पुन्हा निघाला नाही.

वाचकहो, सलोख्यासाठी आपण बहुधा मनाच्या मोठेपणाला आवाहन करतो. ते करावेच. पण पुष्कळ भांडणे अशी असतात की, त्यांत आधी दोन ठिकाणी मोजणे आवश्यक असते. जे हरवले ते कोणी नेले, हे विचारण्यापूर्वी ते वाटेत कोठे गेले, हे तपासावे. त्या मुलीने ते सूत्र परीक्षेसाठी पाठ केलेलेच होते. त्याच सूत्राने तिच्या काकावरचा आळ दूर झाला.