जास्वंदीची सुरी

सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळायच्या आणि रस वाळू द्यायचा. लांबून पातं साधंच दिसतं. त्याच सुरीने लिंबू चिरलं की लाल थेंब ओघळतात. भगताने 'करणी आहे' म्हणायच्या आत घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते असले प्रयोग शाळाशाळांतून करतात आणि लगेच त्यामागचं कारणही सांगतात: लिंबाच्या आंबटपणाने फुलाचा रंग लाल होतो, एवढंच. मग पोरं 'मी करून बघू?' म्हणत पुढे सरसावतात. भीती गेलेली असते, नवल मात्र तसंच असतं. हा क्षण मला फार मोलाचा वाटतो.

नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. कायदा आला तो त्यानंतर, त्याच वर्षी. हे लिहिताना आजही हात जड होतो.

संगणकवाल्यांचीही एक जादू आहे. का चालतंय ते सांगता येत नाही, पण चालतंय, अशा कोडला ते सरळ 'मॅजिक' म्हणतात. संगणकतज्ज्ञ गाय स्टील यांनी सांगितलेला एक किस्सा त्यांच्यात प्रसिद्ध आहे. अमेरिकेत एमआयटीच्या एआय लॅबमध्ये पीडीपी-१० संगणकाच्या कपाटावर एक स्विच चिकटवलेला सापडला. त्यावर पेन्सिलीने खरडलेलं: इकडे 'जादू', तिकडे 'जास्त जादू'. वायर जोडलेली एकच, म्हणजे त्या स्विचने काही होण्याचं कारणच नव्हतं. तरी तो 'जास्त जादू'वरून हलवताच संगणक बंद पडला. पुढे वर्षभराने पुन्हा तेच. शेवटी एमआयटीतलेच जुने हॅकर रिचर्ड ग्रीनब्लॅट यांनी तो नीट तपासला आणि पक्कड घेऊन कापूनच टाकला. संगणक सुखाने चालू लागला. स्विचचं धातूचं अंग कपाटाला टेकून अर्थिंगमध्ये फरक पडत असावा, असा एक तर्क नंतर मांडला गेला. या मंडळींनी वायर कुठवर जाते ते आधी पाहिलं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

जादूमागचा माणूस दिसला की ती मला जास्तच आवडते. फाइलचा प्रकार ओळखता यावा म्हणून तिच्या आरंभी ठरावीक खूण असते, तिला 'मॅजिक नंबर' म्हणतात. झिप फाइल कच्च्या रूपात उघडली तर सुरुवातीलाच 'पीके' दिसतं. झिपची पद्धत घडवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ही आद्याक्षरं. कॅट्झ २००० साली गेले. वर्डची डॉक्सएक्स फाइलही आतून झिपच असते, त्यामुळे आपल्याकडच्या कचेरीत टाइप झालेला रजेचा साधा अर्जसुद्धा त्यांच्याच आद्याक्षरांनी सुरू होतो.