पडण्याच्या दोन रीती

चैत्रातली पहाट. जिवतीच्या डोंगरावर, एका कोलामगुड्याशेजारी मोहाखाली बसलो होतो. खालचा पालापाचोळा गुड्यातल्या एका आजीने आदल्या दिवशीच झाडून घेतलेला. वर फांद्या जवळजवळ उघड्या. टोकांना तांबूस पालवी डोकावतेय, तिच्याखाली फुलांचे घोस. टप्. थोड्या वेळाने टप्, टप्. न राहवून मी एका वाकल्या फांदीला हात घातला, तशी आजी म्हणाली, "हलवाचं नाही जी. पडू द्याचं."

एक फूल तळहातावर घेतलं. द्राक्षाएवढं, पिवळसर, रसाने फुगलेलं. वास असा की डोकं किंचित जड व्हावं. बुडाशी एक भोक. त्यातला स्त्रीकेसर वर फांदीवरच राहिलेला. फळ तिथेच धरणार, त्याच्या बियांतून तेल निघणार. रात्री वटवाघळं येऊन गेली, झाडाचं काम उरकलं, आणि मग त्याने ही गोड वाटी सोडून दिली.

मला गडचिरोलीकडच्या जंगलातली उडती खार आठवली. तीही रातचरच. 'उडती' म्हणायचं, पण पंख कुठले? मनगटापासून घोट्यापर्यंत कातड्याची घडी. ती ताणायची, शेंड्यावरून स्वतःला सोडून द्यायचं आणि झुबकेदार शेपटीने तोल सावरत तिरपं घसरत जायचं. पोहोचते ती नेहमी खालीच, पुढच्या झाडाच्या बुंध्यावर. तिथून पुन्हा नखं रोवत वर. म्हणजे पडते तीही. फक्त जमीन चुकवून.

दोघांची सोयरीक जुनी. राजस्थानातल्या सीतामाता अभयारण्यात या खारी मोहाच्याच ढोलीत राहतात. ढोलीसाठी झाड म्हातारं व्हावं लागतं, झेपेसाठी शेजारचं झाड जागेवर असावं लागतं. मधली झाडं तुटली की खारीचा पल्ला संपला. मोहाला ती चिंता नाही. शेतातला एकटा मोहसुद्धा ओंजळ भरभरून देतो. त्याला खाली हवेत वेचणारे हात.

त्या हातांवरही कायद्याची नजर होती. मोहफुलं जमवण्या-साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारने उठवले ते २०२१ साली.

उजाडलं. आजीने टोपली काखेला लावली आणि एका मोहाखालून दुसऱ्या मोहाखाली निघाली. वाकत, वेचत, जमिनीवरूनच.