जास्वंदीच्या पोटात भेंडी

चौथीच्या मुलांना फुलाचे भाग शिकवायचे होते आणि मी स्वतः कला शाखेची. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग ही नावं रात्री घोकली, पण डोळ्यांसमोर काही उभं राहीना. मग ठरवलं, आधी फूल उघडायचं, नावं मागाहून. जास्वंद निवडली, तिचं सगळंच मोठं, आणि दारात जास्वंद नाही असं घर आमच्या गावात विरळाच.

देठाकडून सुरुवात केली. कळीला झाकणारी हिरवी वाटी म्हणजे निदलपुंज. पण तिच्याही बाहेर बारीक हिरव्या पात्यांचं आणखी एक कडं होतं. माझ्या चिठ्ठीत त्याचं नावच नव्हतं. "हे मलाही नवीन आहे, वहीत काढून ठेवा," असं मुलांना सांगितलं.

पाकळ्या पाच. सुट्या करायला गेलो तर बुडाशी त्या मधल्या दांडीलाच जोडलेल्या. ती दांडी मला भरीव वाटत होती. टाचणीने हलकेच उभी चिरली तर आत पोकळ! बाहेरची नळी पुंकेसरांची, तिच्यावर परागकोशांचे पिवळे ठिपके. आणि नळीच्या आतून वर गेलेला नाजूक दोरा स्त्रीकेसराचा. शेंड्याचे पाच लाल गोंडे त्या दोऱ्याचेच. त्यांना कुक्षी म्हणतात. पराग तिथे पोचले पाहिजेत, तरच पुढे बी. एवढी साधी गोष्ट मला त्या टाचणीने समजली.

दोऱ्याच्या तळाशी हिरवट गाठ, म्हणजे अंडाशय. ब्लेड मी माझ्याच हाती ठेवलं आणि ती आडवी कापली. भिंग फिरलं. पाच कप्पे, त्यांत पांढुरके दाणे.

"बाई, ही तर भेंडी!" मागच्या बाकावरची मुलगी ओरडली. चुरगाळलेल्या पाकळीने तिची बोटंही बुळबुळीत झाली होती. लगेच दुसऱ्याने विचारलं, "मग जास्वंदीला भेंड्या का नाही लागत?" मला उत्तर येत नव्हतं.

घरी जाऊन शोधलं. जास्वंद, भेंडी, कापूस एकाच कुळातले. भेंडी म्हणजे वाढलेला अंडाशयच. आतले दाणे म्हणजे बिया. बागेतल्या जास्वंदीला मात्र फळ क्वचितच धरतं, म्हणून तर आपण तिची फांदी लावतो. त्या मुलीने नुसत्या नजरेने कूळ ओळखलं होतं, याचा मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी शेतातून भेंडीची फुलं आणली. पिवळी, आत गडद मरून. तीच नळी, तेच गोंडे. एका सुकलेल्या फुलाखाली करंगळीच्या पेराएवढी भेंडी निघाली. आता निदलपुंज, अंडाशय हे शब्द मुलं स्वतःहून विचारून घेऊ लागली.

पुढच्या तासाला झेंडू. त्याची एकेक 'पाकळी' म्हणजे मुळात एक आख्खं फूल, बुडाशी स्वतःचं बी धरणारं. हे मी आधी सांगणार नाही. भिंगं मात्र आणखी दोन-चार लागतील.